पाणी तोडलं की पांढऱ्या मुळीच्या शेजाऱ्यांचं काय होतं?

मार्च सरत आला की आमच्या वाळवा तालुक्यातल्या रोपवाटिकांत एक प्रश्न रोज कानावर येतो. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या दुष्काळी तालुक्यांकडचा शेतकरी शेडनेटमध्ये शिरतो, मिरचीच्या ट्रेवरून तळहात फिरवतो, एखादं रोप वाकवून बघतो आणि विचारतो, "ताई, पाणी तोडून कणखर केलीसा न्हवं? आमच्याकडं लाडावलेली रोपं टिकत न्हाईत."

प्रश्न रास्त आहे. सावलीत, रोज झारीखाली वाढलेलं रोप थेट जतच्या माळावर लावलं तर दुपारपर्यंत माना टाकतं. म्हणून लागणीआधी आठवडाभर पाणी कमी करायचं आणि सावली काढायची, ही पद्धत सगळेच पाळतात. पाणी घटल्याची वर्दी मुळं पानांना देतात, पानांवरची बारीक छिद्रं वेळेवर मिटू लागतात, पान जाड होतं, खोडाची नुसती उंच धाव थांबते. हे वरचं सगळं डोळ्यांना दिसतं, त्यामुळे त्यावर बोलणंही भरपूर होतं. मला सांगायचंय ते खालचं. त्याच आठवड्यात मुळाला चिकटून राहणाऱ्या जिवाणू आणि बुरशींच्या वस्तीत मोठी उलथापालथ होते. रोप शेतात गेल्यावर तरारून उठणार की बसून राहणार, यात त्या वस्तीचा मोठा हात असतो.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि लग्नानंतर रोपवाटिकेत आले. सूक्ष्मदर्शकाखाली जे बघितलं होतं ते ट्रेमध्ये ओळखायला मला काही वर्षं लागली. ते इथं मांडते.

मुळाभोवतीच्या, जेमतेम काही मिलिमीटर जाडीच्या थराला शास्त्रात रायझोस्फिअर म्हणतात. हे नाव जर्मनीतले लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये दिलं. आपण त्याला मुळाचा शेजार म्हणू. झाड उन्हात जी साखर तयार करतं, तिच्यातला बराच वाटा ते मुळांवाटे बाहेर सोडतं. साखरी, आम्लं, अमिनो आम्लं, बुळबुळीत चीक असं बरंच काही त्यात असतं. एवढ्या कष्टाचं अन्न झाड मातीत का सांडतं? तर ती शेजाऱ्यांची मजुरी आहे. त्या अन्नावर जगणारे काही जिवाणू अडकून पडलेलं स्फुरद विरघळवून देतात, काही हवेतला नत्र धरतात, काही असे पदार्थ सोडतात की मुळाला नव्या फांद्या फुटतात, आणि काही नुसते जागा अडवून बसतात, म्हणजे रोगाच्या बुरशीला दाटीवाटीत शिरकाव मिळत नाही. चिमूटभर चांगल्या मातीत कोट्यवधी जिवाणू असतात आणि मुळाला लागून असलेल्या मातीत ते लांबच्या मातीपेक्षा कित्येक पटींनी जास्त.

शेतात ही वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची असते. ट्रेमध्ये तसं नसतं. नव्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, शेतातल्या मातीसारखी जुनी, जमलेली वस्ती नसते. ९८ कप्प्यांच्या ट्रेत एका कप्प्याला चार-पाच चहाच्या चमच्यांएवढं कोकोपीट येतं, आणि तेवढ्या जागेत बियाबरोबर आलेले, पाण्यातून आलेले, गांडूळखतातून आलेले आणि आपण मुद्दाम सोडलेले जिवाणू संसार मांडतात. वस्ती लहान असते, नवी असते आणि तिला लपायला जागा नसते. जमिनीत वरचा थर वाळला तरी वीतभर खाली ओल सापडते. कप्प्याला खाली काही नाही, प्लास्टिकच आहे. म्हणून शेतात पाणी कमी करणं आणि ट्रेमध्ये पाणी कमी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता पाण्याकडे येऊ. आपल्याला वाटतं जिवाणू मातीत राहतात. खरं म्हणजे ते मातीच्या कणांवर बसलेल्या पाण्याच्या पातळ पापुद्र्यात राहतात. तो पापुद्रा हाच त्यांचा रस्ता आणि हीच त्यांची शिधावाटपाची गाडी. मुळाने सोडलेली साखर त्यातूनच झिरपत त्यांच्यापर्यंत पोचते. पाणी घटतं तसा पापुद्रा पातळ होत जातो, मग जागोजागी तुटतो. जिवाणू आपापल्या बेटावर अडकतात. मूळ हाताच्या अंतरावर असतं, पण तिथवर वाट नसते.

दुसरी अडचण उमजायला तासगावचा बेदाणा आठवा. द्राक्षाचा घड टोपलीत ठेवला तर चार-सहा दिवसांत बुरशी धरतो. त्याच द्राक्षाचा बेदाणा झाला की महिनोन्‌महिने टिकतो. बेदाणा कोरडाठाक नसतो, त्यात सुमारे १५ टक्के पाणी असतंच. पण ते पाणी साखरेने इतकं घट्ट धरून ठेवलेलं असतं की बुरशीला ते ओढून घेता येत नाही. वाळत जाणाऱ्या कोकोपीटमध्येही असंच होतं. पाणी असतं, पण ते बारीक छिद्रांत घट्ट धरलेलं असतं. ही ओढ १५ बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास गेली की बहुतेक पिकं हात टेकतात आणि कायमची कोमेजतात. जिवाणूंपैकी काही त्याच्या कितीतरी आधी थंडावतात, काही त्यानंतरही तग धरतात. बऱ्याच बुरशी त्याहून चिवट असतात. वस्तीत उलथापालथ होते ती इथूनच सुरू होते, कारण कोरडेपणा सगळ्यांना सारखा झोंबत नाही.

पण पाणी कमी करणं वाईटच, असं यातून कुणी घेऊ नये. आमच्या धंद्यात नुकसान जास्त होतं ते जास्तीच्या पाण्याने. आपल्या भाषेत यासाठी फार नेमका शब्द आहे: वाफसा. मातीत ओलही आहे आणि हवाही खेळती आहे, पाय टाकला तर चिखल होत नाही आणि धूळही उडत नाही, अशी अवस्था. वाफसा पिकासाठी जितका, तितकाच शेजाऱ्यांसाठी. मातीतल्या पोकळ्यांपैकी साधारण ६० टक्के पाण्याने भरलेल्या असतात तेव्हा हवा लागणाऱ्या जिवाणूंचं काम सगळ्यात जोरात चालतं. त्यापुढे पाणी वाढलं की हवा कोंडते आणि हवेविना जगणारे जिवाणू पुढे सरसावतात. त्यांतले काही आपण दिलेला नत्र वायू करून उडवून टाकतात. कृष्णाकाठी उसाला पाट मोकळा सोडून जमिनी क्षारपड झालेल्या आपण बघतो. ट्रेमध्ये तेच लहान प्रमाणात घडतं.

ट्रेची एक खोड तर अशी आहे की तिला नवखा माणूस हमखास फसतो. घरी एक लांबट स्पंज घ्या, भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. पाणी गळायचं थांबलं की तोच स्पंज उभा करा. पुन्हा धार लागते. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. उंची कमी असली की तळाशी पाणी साठून राहतं. कप्पा तर दीड-दोन इंचांचा, म्हणजे आडवा धरलेला स्पंजच. त्यामुळे वरचं कोकोपीट फिकट तपकिरी दिसतं, आपण झारी उचलतो, आणि तळाशी मुळं मात्र पाण्यात बुडालेली असतात. अशा तळात पिथियम नावाच्या बुरशीसारख्या जीवाचं फावतं. त्याचे बीजाणू शेपटी हलवत पाण्यातून पोहतात आणि कोवळ्या मुळापर्यंत पोचतात. रोपं मातीलगत पिचून आडवी पडतात, ज्याला आपण मर म्हणतो. पाणी कमी केलं की पिथियमचा पोहायचा रस्ताच बंद होतो. रोपवाटिकेत पाणी आवरण्याचा सगळ्यात मोठा फायदा मी विचाराल तर हाच सांगेन.

मग पाणी वाफशाच्याही खाली नेलं की काय होतं?

जिवाणूंचे दोन ढोबळ गट आहेत. डेन्मार्कचे हान्स क्रिस्टियन ग्राम यांनी १८८४ मध्ये रंग देऊन ते वेगळे ओळखायची रीत काढली, ती आजही कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात. काचपट्टीवर एक गट जांभळा दिसतो, दुसरा गुलाबी. जांभळ्यांची भिंत जाड असते, गुलाबींची पातळ. ओल तुटत गेली की मुळांवर जांभळ्यांचं प्रमाण वाढतं आणि गुलाबींचं घटतं. जांभळ्यांमध्येही ॲक्टिनोबॅक्टेरिया नावाचं घराणं सर्वांत पुढे असतं, आणि त्यात स्ट्रेप्टोमायसिस. नाव अनोळखी वाटेल, पण वास ओळखीचा आहे. वळवाचा पहिला पाऊस पडला की जो मृद्गंध येतो, त्यातला मुख्य पदार्थ जिओस्मिन हे जिवाणू बनवतात. क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं तेही याच घराण्यात. हे बुरशीसारखे धागे काढतात, कोरडं पडलं की बीजाणू धरून पडून राहतात, आणि रोगजंतूंना मारणारी रसायनं सोडतात. पाणी नीट आवरलेल्या ट्रेमधलं रोप उपटून मुळं नाकाजवळ न्या, मातीचा गोड वास येतो. जास्त पाण्याच्या ट्रेमध्ये तळाला आंबूस, सडका वास येतो. ग्राहकांना मी आता रोप बघण्याआधी हुंगायला सांगते.

कॅलिफोर्नियात ज्वारीच्या शेतावर झालेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथं फार उपयोगाचा आहे. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, आपल्या जत-आटपाडीचं पीक, म्हणून मी तो जास्तच मन लावून वाचला. आठवड्या-आठवड्याला मुळं काढून त्यांवरचे जिवाणू मोजले गेले. ताणात जाड भिंतीच्या जिवाणूंचं प्रमाण वाढलं आणि पुन्हा पाणी मिळताच ते झपाट्याने खाली आलं. यातले काही स्ट्रेप्टोमायसिस वेगळे करून रोपांना दिल्यावर ताणातही मुळं चांगली वाढली. म्हणजे झाड ताणात कुणालाही दार उघडत नाही, कामाच्या शेजाऱ्याला धरून ठेवतं. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट रोपवाटिकेच्या दृष्टीने मला जास्त महत्त्वाची वाटते. लहान वयातच ताण पडलेल्या ज्वारीच्या मुळांवर वस्ती वयाप्रमाणे जुळायला उशीर झाला. पाणी मिळालेल्या रोपांच्या मुळांवरची वस्ती पुढच्या टप्प्याला गेली, ताणातल्यांची मागच्याच टप्प्यावर अडकून राहिली.

हे वाचलं आणि मला माझीच एक बॅच आठवली. आटपाडीकडची मिरचीची मागणी होती. माळरानावर जाणार म्हणून मी अगदी तिसऱ्या पानापासून पाणी निम्म्यावर आणलं. रोपं दिसायला देखणी झाली. बुटकी, गर्द हिरवी, खोडाला जांभळट झाक. शेतकरीही खूश होता. लागण झाल्यावर मात्र ती दहा-बारा दिवस बसून राहिली, ना मेली ना वाढली. मी जाऊन एक रोप उपटलं. कोकोपीटचा गोळा हातात भुगा होऊन पडला. बारीक मुळांचा जारवा धरलेलाच नव्हता. चार मुळ्या, त्याही पिवळसर, आणि टोकाला पांढरी, म्हणजे नवी वाढती मुळी औषधालाही नाही. खोड कणखर झालं होतं, पण खाली संसारच बसला नव्हता. त्या शेतकऱ्याला मी पुढची रोपं बिनपैशांची दिली, पण त्याचा हंगाम पंधरा दिवस मागं गेला तो गेलाच.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की पाणी किती तोडलं, याच्याइतकंच ते कधी तोडलं आणि किती सावकाश तोडलं हेही महत्त्वाचं आहे. आधी वाफशावर वस्ती बसू द्यायची आणि मग तिला कोरड्याची सवय लावायची.

सवय हा शब्द मी सैलपणे वापरत नाही. अमेरिकेतल्या जेनिफर लाउ आणि जे लेनन यांनी मोहरीच्या कुळातल्या रोपांवर प्रयोग केला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. काही कुंड्यांतली माती पिढ्यान्‌पिढ्या कोरडी ठेवली, काहींतली ओली. नंतर अदलाबदल करून पाहिलं. कोरड्यात लावलेल्या रोपांना कोरड्याची सवय असलेल्या मातीतले सूक्ष्मजीव जास्त मानवले आणि ओल्यात लावलेल्यांना ओल्यातले. जिवाणूची पिढी तासांत नाहीतर दिवसांत मोजतात, त्यामुळे आठवड्याभराच्या सावकाश ताणातही ट्रेमधली माणसं, म्हणजे जिवाणू, बदलतात. जतला जाणाऱ्या रोपाबरोबर जतची सवय असलेले शेजारी गेलेले बरे.

ताणात तगणारे जिवाणू नेमकं करतात काय? एक तर ते स्वतःभोवती डिंकासारखा चिकट पदार्थ सोडतात. तो पाणी धरतो आणि मातीचे कण मुळाला चिकटवतो. शाळू उपटून बघा, बारीक मुळांवर मातीची बाही घातल्यासारखी दिसते, झटकली तरी पडत नाही. ती बाही मुळावरची लव आणि हा डिंक यांनी मिळून विणलेली असते. दुसरं, काही जिवाणू रोपाच्या अंगातला इथिलीन वायू तयार होण्याआधीच त्याचा कच्चा माल खाऊन टाकतात. इथिलीन ताणात वाढतो आणि मुळांची वाढ थोपवतो, म्हणजे आपण केळी पिकवायला जो वायू वापरतो तोच. तो घटला की पाणी कमी असतानाही मूळ खाली जात राहतं. मायकोरायझा बुरशीचं काम याहून सरळ आहे. तिचे धागे मुळावरच्या लवेपेक्षाही बारीक असतात, म्हणून जिथं मुळाला शिरता येत नाही अशा छिद्रांतलं पाणी आणि स्फुरद ती आणून देते. फक्त तिला मुळात घर करायला दोन-चार आठवडे लागतात आणि स्फुरदयुक्त खताचा मारा असला की झाड तिला दारातच उभं करत नाही. कोबी, फ्लॉवरच्या रोपांना ती विकत आणून घालू नका. त्या कुळाचं तिच्याशी नातं जुळत नाही.

उसाची गोष्ट थोडी निराळी. ॲसिटोबॅक्टर हा नत्र धरणारा जिवाणू उसाच्या आतच राहतो, आणि एक डोळ्याच्या टिपरीबरोबर तो ट्रेमध्ये येतो. कोकोपीट वाळलं तरी टिपरीच्या आत रस असतो, त्यामुळे बाहेरच्यांना जी झळ बसते ती त्याला लगेच बसत नाही.

आता ज्या चुकीबद्दल कुणी फारसं बोलत नाही ती सांगते: पूर्ण वाळवून एकदम भिजवणं. कोरड्यात तगण्यासाठी जिवाणू पेशीत साखरी आणि अमिनो आम्लांसारखे पदार्थ साठवतात, म्हणजे आतलं पाणी धरून राहतं. अशा वेळी वरून झारी ओतली की पाणी जोरात आत घुसतं. साठवलेलं पटकन बाहेर फेकता आलं तर जिवाणू वाचतो, नाहीतर फुटतो. मेलेल्यांचं आणि फेकलेलं अन्न उरलेल्यांना मिळतं आणि दिवस-दोन दिवस श्वसनाचा भडका उडतो, नत्रही एकदम मोकळा होतो. वळवाच्या पावसानंतर बांधावरचं गवत एकाएकी हिरवंगार होतं, त्यामागे हेच कारण आहे. पूर्व आफ्रिकेत काम करणारे बर्च यांनी १९५०च्या दशकात हे मोजून दाखवलं, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. शेतात हा नत्र पिकाला मिळतो. कप्प्यात मात्र तो पुढच्या पाण्याबरोबर खालच्या भोकातून निघून जातो, आणि रोजच्या अशा चढउतारात वस्ती पिचत जाते. शिवाय कोकोपीट वाळून आकसलेलं असतं, कप्प्याच्या भिंतीपासून सुटलेलं असतं, त्यामुळे पाणी कडेकडेने निसटतं आणि गोळा मध्ये कोरडाच राहतो.

क्षारांचंही तसंच. कप्प्यातलं पाणी निम्मं झालं की त्यातल्या खतांची आणि बोअरच्या क्षारांची तीव्रता दुप्पट होते. मचूळ बोअरवर ताण देताना विद्राव्य खत आधी थांबवायचं, पाणी मग कमी करायचं. नाहीतर ताण पाण्याचा कमी आणि मिठाचा जास्त होतो.

आमच्याकडे आता हे कसं चालतं, तेही सांगते. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी), ॲझोस्पिरिलम (नत्र धरणारा जिवाणू), स्फुरद विरघळवणारे जिवाणू हे सगळं कोकोपीट ओलं असताना, सुरुवातीलाच मिसळतो. बुरशीनाशकाची आळवणी झाली असेल तर ट्रायकोडर्मा त्या दिवशी हातात धरत नाही. ताणाच्या आठवड्यात जिवाणू सोडणं म्हणजे दुष्काळात पाहुणे बोलावण्यासारखं आहे, म्हणून तेव्हा काही सोडत नाही. ताण कधी सुरू करायचा हे कॅलेंडरवर ठरवत नाही. एक रोप उपसून बघतो. गोळा अख्खा निघाला, चारी बाजूंनी पांढरी मुळी दिसली, की मग पाणी कमी.

आणि ते किती कमी, याला वजनकाटा. ट्रे पोटभर भिजवून, पाणी निथळल्यावर वजन घ्यायचं. एक ट्रे बाजूला काढून पानं जराशी सैल पडेपर्यंत वाळू द्यायचा आणि पुन्हा वजन घ्यायचं. पहिले काही दिवस वजन या दोन आकड्यांच्या मध्यावर आलं की पाणी. नंतर मध्याच्या खाली हळूहळू, पण सैल पडायच्या वजनापर्यंत कधीच नाही. पाणी द्यायचं तेही सकाळी, बारीक झारीने, दोनदा थोडं थोडं. पहिल्या हाताने कोकोपीट फुगतं, दुसऱ्या हाताचं पाणी आत मुरतं. महिनाभर काट्यावर तोललं की हातालाच वजन कळायला लागतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायका आता ट्रे नुसता उचलून सांगतात, "ह्येला आज नको, उद्या."

गाडीत भरायच्या आदल्या संध्याकाळी मात्र सगळ्या ट्रेंना पोटभर पाणी देतो, कणखर केलेली असली तरी. आटपाडीपर्यंतच्या वाऱ्यात गोळा वाळला तर आठवडाभर जमवलेले शेजारी वाटेतच जातात. लागणीच्या दिवशी शेतात वाफसा असावा, भर दुपार टाळावी, आणि गोळा हाताने दाबू नये.